जरा धरता का, बाई?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनी बोलायला उभ्या राहिलेल्या बाईने मंडळाच्या कार्याचा गौरव करावा, असा आपल्याकडे रिवाज आहे. तो चिटणीसबाईंनी अहवालात पुरेसा केला आहे. शिवणवर्गातून किती मुली बाहेर पडल्या, हळदीकुंकवाला किती बायका आल्या, हे सारे आकडे आपण ऐकलेत. मला ज्याविषयी बोलायचे आहे ते अहवालात एकाच ओळीत आले आहे : ‘पाणपोईच्या ओट्याबाबतचा निर्णय पुढील सभेपर्यंत तहकूब.’ ती पुढील सभा येत्या मंगळवारी आहे. तिथे प्रत्येकीला पाच मिनिटे मिळतील. आज मला वीस मिळाली आहेत, म्हणून माझे म्हणणे इथेच मांडून घेते. यात थोडा कावा आहे, हे कबूल करते.

नव्या सभासदांसाठी प्रथम हकिकत सांगितली पाहिजे. आपल्या मंडळाच्या जागेला रस्त्याच्या अंगाने एक लांब ओटा आहे, वर कडुलिंबाची सावली आहे. अकरा वर्षांपूर्वी आपण तिथे दोन रांजण ठेवले, एक नळ बसवला आणि स्टीलचे सहा पेले मांडले. तेव्हापासून भाजीवाल्या, धुण्याभांड्याला जाणाऱ्या बायका, घरोघर सामान पोचवणारी मुले, रिक्षावाले, कुणीही तिथे घटकाभर टेकते, पाणी पिते आणि चालू लागते. यंदाच्या उन्हाळ्यात सहापैकी चार पेले गेले. वैशाखात नळाची तोटीही गेली. त्याच सुमारास पलीकडच्या गल्लीत मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी आपल्या एका भगिनीच्या गळ्यातील साखळी ओढून नेली. त्या भगिनी आज समोर बसल्या आहेत. त्यांच्या मानेवरचा वळ मी पाहिला आहे आणि त्यांच्या मनातली भीती खरी आहे, तिला मी हसणार नाही. तेव्हापासून सूचना पुढे आली की ओटा कुंपणात घ्यावा, लोखंडी फाटक लावावे आणि ‘अनोळखी व्यक्तींस सक्त मनाई’ अशी पाटी लावावी.

आता, ते मोटारसायकलवाले काही आपल्याकडे पाणी प्यायला आले नव्हते. परंतु आपल्या मनात तोटी, पेले आणि साखळी यांची एकच मोट बांधली गेली, आणि तिच्यावर ‘अनोळखी माणूस’ असे नाव पडले. या अनोळखी माणसाशी माझा दोन वेळा असा संबंध आला की तो मी विसरू शकत नाही. पहिल्या वेळी मी तरुण होते, दुसऱ्या वेळी म्हातारी. दोन्हीत माझी फारशी शोभा नाही.

१९६८ सालचा मार्गशीर्ष महिना. नाशिकला माहेरी बाळंतपण उरकून मी चार महिन्यांच्या मुलाला घेऊन सासरी परत येत होते. त्या काळी मुंबई-नाशिककडून औरंगाबादेस यायचे म्हणजे मनमाडला गाडी बदलावी लागे. मोठ्या लाईनची गाडी आपल्याला मनमाडला सोडून भुसावळकडे निघून जाई, आणि आपण छोट्या लाईनच्या फलाटावर काचीगुड्याच्या गाडीची वाट पाहत बसायचे. आपल्याकडचे रूळ रुंद झाले ते १९९० नंतरच्या दशकात. तोवर ज्याने मनमाडच्या फलाटावर चार-दोन तास काढले नाहीत असा औरंगाबादकर शोधून सापडला नसता.

सोबत भाऊ यायचा होता, पण त्याला आदल्या रात्री ताप भरला. वडिलांनी नाशिक रोडला बायकांच्या डब्यात बसवून दिले. औरंगाबाद स्टेशनवर घरची मंडळी उतरवून घेणार होती. मधल्या मनमाडची काळजी सगळ्यांनी हमालावर सोपवली. हमालाने ट्रंक आणि वळकटी पुलाच्या पायथ्याशी आणून ठेवली, पैसे घेतले आणि तो गेला. मी ट्रंकेवर बसले, मुलाला पाजायला घेतले, आणि बाळगुटीसाठी हात पिशवीकडे नेला तर पिशवी नाही. तिच्यात पुढचे तिकीट होते, चाळीस रुपये होते. ती मोठ्या लाईनच्या डब्यात राहिली होती. गाडी अजून उभी असलेली पुलावरून दिसत होती.

मुलाला घेऊन तो पूल धावत चढणे शक्य नव्हते. ट्रंक सोडून जाण्याचेही धैर्य नव्हते. मी चोहीकडे पाहिले. बायामाणूस म्हणावे असे जवळ एकच होते. पन्नाशीची एक बाई टोपली पुढ्यात घेऊन जमिनीवर बसली होती. टोपलीत सुया, दाभण, बिब्बे, काळी पोत, लाकडी फण्या. दात मिश्रीने काळे, लुगड्याला दोन रंगांची ठिगळे. लहानपणी मी रडले की आजी मला धाक घाली, ‘थांब, झोळीवालीला देऊन टाकीन.’ ती झोळीवाली माझ्या डोळ्यांपुढे नेहमी अशीच उभी राहत असे. आणि मी तिच्याचपुढे जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, “जरा धरता का, बाई?”

अशा बाईला ‘धरता का’ असे आदराने मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटले असेन. गरज माणसाला शिष्टाचार शिकवते. तिने काही विचारले नाही. दोन्ही हात पदराला पुसले आणि पुढे केले.

मी धावले. डब्यात पिशवी नव्हती. सहप्रवासिनीने ती तिकीट तपासनिसाकडे दिली होती, त्याने ती ऑफिसात दिली होती, आणि तिथल्या बाबूला पिशवीत काय काय आहे हे माझ्या तोंडून ऐकून, लिहून, सही घेतल्याखेरीज ती द्यायची नव्हती. त्याचे काही चुकले नाही. बाळगुटीच्या डबीपर्यंत सारे सांगून होईतो पाऊण तास गेला. मधे कुठली तरी गाडी शिट्टी देऊन सुटल्याचे मी ऐकले, पण तिच्याशी मला कर्तव्य नव्हते.

परत आले तेव्हा दिवे लागले होते. ती बाई होती तिथेच होती. टोपली एका अंगाला सरकवलेली, कोपर माझ्या ट्रंकेवर टेकलेले, आणि मुलगा तिच्या मांडीवर तिच्या पदराखाली झोपलेला. जवळ एक हमाल उभा होता. तो मला म्हणाला, “बाई, हिची चाळीसगावची गाडी गेली की तुमच्यापायी. आम्ही म्हटलं, पोर मास्तराच्या ताब्यात दे अन् जा. ऐकंना.”

मी ओशाळून तिला म्हणाले, “अहो, तुमची गाडी...”

ती म्हणाली, “गाडी व्हय? ती सकाळच्याला हाय दुसरी. तू हितंच म्हनून सांगून गेल्तीस ना, माय? म्या हलले असते तर तू कुठं हुडकलं असतंस?”

मी पिशवीतून एक रुपया काढून पुढे केला. तिने त्याच्याकडे पाहिले आणि मान हलवली. “राखनीचं कसलं आलंय? सुया घे येखांदी पुडी.” मी सुयांची पुडी घेतली. पुडीचे पंचवीस पैसे झाले. तिने रुपया घेतला, कमरेची चंची सोडली आणि पाऊण रुपया मोजून माझ्या हातावर ठेवला. तेवढ्यात काचीगुड्याच्या गाडीची घंटा झाली. आता विचार करते की मार्गशीर्षातल्या त्या थंडीत ती रात्रभर मनमाडच्या फलाटावर बसली असेल. त्यावेळी तो विचारसुद्धा मला शिवला नाही. तिचे नाव मी विचारले नाही. तिनेही माझे विचारले नाही.

घरी पोचल्यावर सासूबाईंनी माझी चांगलीच कानउघाडणी केली. “पोर असल्या बाईच्या हाती दिलंस?” असे त्या पुढे कितीतरी दिवस म्हणत. मला मात्र आतून अभिमान वाटे. कितीतरी वर्षे मी ही गोष्ट माझ्या धाडसाची म्हणून सांगत आले. पाहा, मी परक्या बाईवर कसा विश्वास टाकला! आपल्या मंडळातही मी ती तशीच सांगितलेली काहींना आठवत असेल.

भगिनींनो, ती गोष्ट मी उलटी सांगत होते. मी विश्वास टाकला नव्हता. मला दुसरा उपाय नव्हता, आणि समोर माणूस होते. विश्वास टाकला होता तिने, की मी परत येईन. मी आले नसते तर? पुलावर पडले असते, गाडीत अडकले असते, तर? गोरे, टोपडे घातलेले, सोन्याचे मणी मनगटात असलेले मूल मांडीवर घेऊन बसलेल्या त्या बाईला फलाटावरच्या पोलिसाने काय विचारले असते? आणि तिने खरे ते सांगितले असते तर कुणाला पटले असते? फिरून पोट भरणाऱ्या कित्येक जमातींना इंग्रज सरकारने १८७१ सालच्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तथापि सोळा वर्षांत काही पोलिसांचे आणि सासूबाईंचे डोळे धुऊन निघत नाहीत. माझेही निघाले नव्हते. त्या बाईला हे सारे माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असणार. हमालही तिला तेच सुचवत होता, पोर मास्तराकडे देऊन मोकळी हो. तरी ती बसून राहिली. चाळीस रुपयांची पिशवी शोधायला मी गेले, आणि त्याची जोखीम तिने उचलली.

आता दुसरी गोष्ट. ती पन्नास वर्षांनंतरची आहे.

२०१८च्या जूनमध्ये आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर एक संदेश फिरत होता. मुले पळवणारी टोळी आली आहे, ती माणसे भिकाऱ्यांच्या आणि फकिरांच्या वेषात फिरतात, कुणालाही दारात उभे करू नका. मला तो भाचीकडून आला. मी तो आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला आणि खाली लिहिले, ‘खात्री नाही, पण सावध असलेले बरे.’ पुष्कळजणींनी हात जोडल्याची चित्रे पाठवली. कुणी विचारले नाही की खात्री नाही तर पाठवता कशाला. मीही स्वतःला विचारले नाही.

त्याच आठवड्यात मी पैठणला जाण्यासाठी मध्यवर्ती बसस्थानकावर बसले होते. विशी-बाविशीची एक मुलगी आली. कडेवर पोर, हातात गाठोडे, पायांत निळ्या रबरी चपला. माझ्यापुढे थांबून म्हणाली, “आजी, जरा धरता का? मोरीकडं जाऊन येते.”

मी म्हणाले, “नाही ग बाई, माझी गाडी लागली आहे.”

गाडी लागली नव्हती. फलाट रिकामा होता, आणि मी पाय पसरून बसले होते. तिला ते दिसत होते. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे, रागाने पाहिले असते तर बरे झाले असते. मग पोराला खांद्यावर टाकून, गाठोडे उचलून ती गेली. दहा मिनिटांनी परत आली आणि दुसऱ्या बाकावर, माझ्याकडे पाठ करून बसली. एवढेच. कुणाचे काही बिघडले नाही. पण त्या शब्दांनी माझ्या कानात मनमाडची घंटा वाजवली ती आजपर्यंत थांबलेली नाही.

आणि मी कुठे चालले होते? पैठणला, नाथांच्या दर्शनाला. गोदेच्या तापलेल्या वाळवंटात एकटे पडलेले, रडणारे पोर नाथांनी कडेवर उचलले, अस्पृश्य मानल्या गेलेल्या आईबापांच्या घरी नेऊन पोचवले, ही गोष्ट दरवर्षी नाथषष्ठीला आपल्या मंडळात कोण सांगते? मीच सांगते. सांगताना डोळ्यांत पाणीही आणते.

त्या जूनमध्ये आपल्याच जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यातील चांडगावला, चोर समजून जमावाने काही माणसांना मारले, त्यांत दोघांचा जीव गेला. आणि १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाड्याला आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसे मुले पळवणारी समजून मारली गेली. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, सोलापूर जिल्ह्यातून आलेली, फिरून भिक्षा मागणारी माणसे होती. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मी ते वाचले, तेव्हा माझ्या मोबाईलवर तो संदेश तसाच होता. मी पाठवलेल्या संदेशाने ती माणसे मेली असे मी म्हणत नाही. परंतु त्यांना ज्याने मारले तो याच संदेशाचा भाऊ होता. मी माझा संदेश पुसून टाकला. मंडळात त्याविषयी कुणी अवाक्षर काढले नाही. मीही आजच काढते आहे.

यावर कुणी म्हणेल, बाई, पूर्वीचा काळच निराळा होता, तेव्हाची माणसे विश्वासू होती. हे मला मान्य नाही. पूर्वी वाटसरूला पहिला प्रश्न विचारला जाई तो त्याच्या जातीचा. पाणपोईवर काहींना हातात पेला मिळे, काहींच्या ओंजळीत उंचावरून धार पडे. आपल्या दौलताबादचीच गोष्ट घ्या. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह वेरुळची लेणी पाहायला निघाले असता वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. धुळीने माखलेली माणसे. किल्ल्याच्या दारापाशी टाक्यात पाणी होते, त्या पाण्याने काहींनी हातपाय धुतले. त्यावर टाके बाटवले म्हणून तिथल्या लोकांनी केवढा गलका केला, आणि शेवटी किल्ल्यात कुठेही पाण्याला शिवू नये म्हणून बरोबर एक हत्यारी शिपाई कसा दिला, हे बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. पुढे १९५० साली त्यांच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीने आपल्या शहरात महाविद्यालय उघडले आणि खेड्यापाड्यांतील पोरांना तिथे आणले. तेव्हा जुन्या काळाचे गोडवे मला कुणी गाऊन दाखवू नयेत.

तरी पण त्याच शहरात पाणचक्कीही आहे. ज्यांच्या दर्ग्यापाशी ती आहे त्या बाबांचे नावच शाह मुसाफिर. डोंगराचे पाणी नहरीने आणून अठराव्या शतकात तिथे जाते फिरवले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी पीठ दळले. दोन्ही गोष्टी आपल्याच आहेत. आपण कुठली चालवायची, एवढाच काय तो प्रश्न आहे.

आणि अविश्वासाच्या एवढ्या बोलण्यातही आपण दिवसभर परक्यांच्या हातांवरच जगतो, हे आपल्या ध्यानात येत नाही. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एस. टी. निघाली. आपल्याकडे तेव्हा निजामाच्या बसगाड्या होत्या. पण बस कुणाचीही असो, गर्दीत मागे अडकलेल्या बाईने पुढे दिलेली नोट दहा हातांतून कंडक्टरकडे जाते, आणि तिकिटासह सुटे पैसे त्याच दहा हातांतून परत येतात. त्यातली चिल्लर वाटेत कुणी ठेवून घेतली असे मी माझ्या उभ्या आयुष्यात पाहिले नाही. जाफर गेटच्या आठवडी बाजारात ‘बाई, सुटे नाहीत, पुढच्या रविवारी द्या’ म्हणणारा लसूणवाला माझे नाव-गाव जाणत नाही.

यावर अलीकडे विद्वानांनी प्रयोगही केले आहेत. २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रसिद्ध झाला. चाळीस देशांतील ३५५ शहरांत, आपला देशही त्यांत होता, सतरा हजारांहून अधिक पाकिटे त्यांनी बँका, टपाल कचेऱ्या, हॉटेले अशा ठिकाणच्या नोकरांना ‘रस्त्यात सापडले’ म्हणून नेऊन दिली. काहींत पैसे होते, काहींत नव्हते. बिनपैशाच्या पाकिटांच्या मालकांना शंभरात सुमारे चाळिसांनी कळवले, पैसे असलेल्यांच्या मालकांना सुमारे एकावन्नांनी. पैसे असले की लोक पाकीट अधिक परत करतात! आधी विचारले तेव्हा अर्थशास्त्राच्या पंडितांनाही असे वाटले नव्हते. २०१३ साली ‘रीडर्स डायजेस्ट’ने सोळा शहरांत बारा-बारा पाकिटे टाकून पाहिली होती. हेलसिंकीत अकरा परत आली, लिस्बनमध्ये एक, आणि आपल्या मुंबईत नऊ. मुंबईला आपण काय काय म्हणतो!

अर्थात ओल्याबरोबर सुके जळू नये तसे सुक्याबरोबर ओलेही खपवू नये. जो माणूस फोनवरून ‘बँकेतून बोलतो आहे, लगेच आकडा सांगा’ म्हणतो, त्याच्यावर विश्वास टाकू नका. आपल्यातील एकीची पेन्शन अशीच जाता जाता वाचली. रस्त्यात भेटणारा माणूस तुमच्यासमोर उभा असतो, जे मागायचे ते डोळ्यांदेखत मागतो, आणि नको म्हटले की निघून जातो. फोनवरच्याला तोंड नसते आणि त्याला फार घाई असते. ही घाई ओळखायला शिका, मुलींनाही शिकवा.

मुलींवरून आठवले. माझी नात शाळेत जायला लागली तेव्हा मी तिला बजावले, ‘अनोळखी माणसाशी बोलायचे नाही.’ आपण सगळ्याच बजावतो. ओळखीच्यांविषयी मात्र तिला काय सांगावे हे आपल्याला सुचत नाही, किंवा जीभ रेटत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक अहवाल पाहा. बलात्काराच्या दहांपैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलीच्या ओळखीतलाच असतो. फाटक आपण ज्याच्यासाठी लावतो तो आधीच आत बसून चहा पीत असतो. हे कडू आहे, वर्धापनदिनी बोलण्याचे नव्हे, पण बायकांच्या मंडळात बोलायचे नाही तर कुठे बोलायचे?

आता ओट्याकडे येते. माझे घर त्याच्या समोर आहे, आणि गुडघे दुखत असल्यामुळे मी दिवसाचा पुष्कळ वेळ खिडकीत असते. मी काय पाहते ते सांगते. आपली भाजीवाली सकाळी टोपली ओट्यावर ठेवते आणि पलीकडच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जुडी पोचवायला जाते. टोपलीत तिचे दिवसभराचे भांडवल असते. जाताना ती दारात जी कोणी असेल तिला म्हणते, “लक्ष असू द्या, माय.” ती सभासद आहे की नाही, चांगली आहे की वाईट, तिला काय ठाऊक? अकरा वर्षे ती आपल्यावर टोपली टाकून जाते. सामान पोचवणारी मुले उन्हाचा घोटभर पाणी प्यायला टेकतात तेव्हा दुसऱ्यांच्या घरचे हजारो रुपयांचे सामान असलेली पिशवी ओट्यावर सोडून रांजणाकडे जातात. पाठ आपल्याकडे असते. त्या पिशवीतून काही गेले तर भरपाई त्यांच्या मजुरीतून व्हायची. आपण म्हणतो की आपण त्यांच्यावर विश्वास टाकून ओटा उघडा ठेवला आहे. खिडकीतून मला तर उलटे दिसते. आणि या सगळ्यात ओट्यावरच्या मालाला हात लावलेली एकच व्यक्ती माझ्या माहितीत आहे. परवा वरणात घालायला कोथिंबिरीच्या चार काड्या मीच न विचारता घेतल्या. दुसऱ्या दिवशी सांगितले, तेव्हा ती हसली.

हिशेबही करून आणला आहे, कारण मंगळवारी खजिनदारबाई तो विचारतीलच. चार पेले दोनशे चाळीस रुपयांचे. तोटी एकशे ऐंशीची. अकरा वर्षांतले नुकसान एवढे. लोखंडी फाटक आणि कुंपण यांचा अंदाज अडतीस हजारांचा आला आहे. नवे पेले मी देईन. त्यांना हवी तर साखळी लावा, माझी हरकत नाही, रेल्वेतही लावतात. ज्या भगिनीची साखळी गेली त्यांना दिवेलागणीनंतर ओट्यापुढून एकटीने जायला भीती वाटते, हे रास्त आहे. त्यासाठी कोपऱ्यावर दिवा मागू, महानगरपालिकेकडे अर्ज मी लिहिते. पण भर दुपारी बंद फाटक लावून त्यांची संध्याकाळची भीती कमी होणार नाही, उलट तेव्हा ओट्यावर जे चार जण असतात तेही नाहीसे होतील. त्या संध्याकाळी मोटारसायकलच्या मागे कोण धावले होते, ते त्यांनाच विचारा. ओट्यावर बसलेला रिक्षावाला धावला होता. त्याचे नाव आपल्यापैकी कुणालाही ठाऊक नाही.

माझी विनंती एवढीच आहे. फाटकाच्या बाजूने ज्यांचे मत आहे त्यांनी मंगळवारच्या आत एक दिवस, अकरा ते एक या वेळात, ओट्यावर येऊन बसावे. मंडळाच्या सभासद म्हणून नव्हे, नुसते बसावे. कोण येते, काय मागते, काय ठेवून जाते ते पाहावे, आणि मग मत द्यावे. त्यांचे मत तरीही फाटकाचेच राहिले तर मी सभेत विरोध करणार नाही.

रांजण सकाळी मी भरून ठेवते. येताना आपापला पेला आणावा, सध्या तिथे दोनच आहेत.